ताडोबा सफारी आणि चंद्रपूर शहर एकाच ट्रिपमध्ये: कुठल्या क्रमाने काय करायचं

दर सीझनला तेच चालू असतं. लोक आधी ट्रेनचं तिकीट काढतात, मग रिसॉर्टचे फोटो बघून रूम बुक करतात आणि सगळ्यात शेवटी सफारी बघायला जातात. तेव्हा कळतं की आपण राहणार मोहर्ली गेटजवळ आणि जागा शिल्लक आहे कोलारा गेटला, किंवा तीन दिवसातला एक मंगळवार आहे आणि त्या दिवशी कोअर, म्हणजे जंगलाचा आतला मुख्य भाग, बंद. मग ग्रुपवर "कोणाकडे एक्स्ट्रा जिप्सी (सफारीची उघडी गाडी) आहे का" सुरू. ताडोबाच्या ट्रिपचा क्रम बरोब्बर उलटा असतो, आधी सफारीचं परमिट, त्यावरून गेट, गेटवरून मुक्काम, आणि मग ट्रेन. चंद्रपूर शहर कुठे बसवायचं हेही त्यातूनच ठरतं. खाली त्याच क्रमाने लिहिलंय, प्लीज मधल्या पायऱ्या गाळू नका.

१. आधी कॅलेंडर: मंगळवार शोधा

कोअर झोन दर मंगळवारी बंद असतो, आणि १ जुलै ते ३० सप्टेंबर पावसाळ्यात पूर्णच बंद. पावसाळ्यात बफरची, म्हणजे कोअरभोवतीच्या पट्ट्यातली, काही गेटं चालू असतात, पण तो अनुभव वेगळा, पहिल्यांदा जाणाऱ्याने त्या भरवशावर जाऊ नये असं माझं मत.

बहुतेक जण मंगळवार टाळून प्लॅन करतात, शुक्रवार-शनिवार-रविवार. सगळं जग तेच करतं म्हणून वीकेंडला परमिट मिळत नाही, मिळालं तर दर जास्त. त्यापेक्षा मंगळवार मुद्दाम ट्रिपमध्ये घ्या आणि तो चंद्रपूर शहराला द्या. म्हणजे रविवारी पोचायचं, सोमवारी सकाळ-दुपार कोअर, मंगळवारी सकाळी शहर, आणि संध्याकाळी नागपूरला परत. सोमवारची जागा शनिवारपेक्षा सहज मिळते, रिसॉर्टही रविवार रात्रीपासून जरा रिकामी व्हायला लागतात. सुट्टी दोन दिवसांची टाकावी लागते, पण तेवढं परवडतं.

महिना कुठला? ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये जंगल हिरवंगार पण गवत उंच, त्यामुळे प्राणी दोन हातांवर असला तरी दिसत नाही. डिसेंबर-जानेवारीत पहाटे उघड्या जिप्सीत थंडीने बोटं आखडतात. फेब्रुवारीच्या शेवटापासून पानगळ, पाणी कमी, सगळे प्राणी पाणवठ्यावर, म्हणून एप्रिल-मेमध्ये वाघ दिसायचे चान्स चांगले. पण तेव्हाच चंद्रपूरचा पारा ४५ च्या पुढे जातो, आणि शहर बघायचंय तर हा मुद्दा सोडून चालत नाही. जंगल आणि शहर दोन्ही नीट करायचं असेल तर फेब्रुवारीचा शेवट ते मार्चचा मध्य सगळ्यात सोयीचा. सोबत आजी-आजोबा किंवा लहान मुलं असतील तर मेचा विचारही करू नका.

चेक: तारखा ठरवताना होळी, दिवाळीची सुट्टी, नाताळचा आठवडा आणि चैत्रातली महाकालीची यात्रा बघून घ्या. यात्रेच्या दिवसात मराठवाड्यातून, तेलंगणातून भाविक येतात आणि चंद्रपुरात रूम मिळणं अवघड होतं.

२. गेट ठरवा (सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो)

ताडोबा म्हणजे एक दरवाजा नाही. कोअरची गेटं आहेत मोहर्ली, खुटवंडा, कोलारा, नवेगाव, झरी आणि पांगडी. बफरची याशिवाय भरपूर, आगरझरी, जुनोना, देवाडा, अलिझंझा, मदनापूर, निमढेला वगैरे. ज्या गेटचं परमिट त्याच गेटने आत जायचं आणि त्याच गेटने बाहेर यायचं. एका गेटहून दुसऱ्याला जायला जंगलातून शॉर्टकट नाही, बाहेरून वळसा. मोहर्लीहून कोलाऱ्याला जायचं तर दोन तास तरी धरा, पहाटे साडेपाचच्या रिपोर्टिंगला ते शक्यच नाही.

चंद्रपूर शहर जोडायचंय म्हटल्यावर मोहर्ली बाजू घ्यायची, फार डोकं लावायची गरज नाही. चंद्रपूरहून मोहर्ली जेमतेम ३० किलोमीटर, आणि आगरझरी, जुनोना, देवाडा ही बफर गेटंही त्याच बाजूला. कोलारा आणि नवेगाव हे उत्तरेकडून, चिमूरच्या बाजूने, नागपूरहून थेट यायला जवळ. पण तिकडे राहिलात तर चंद्रपूर बघायला अख्खा दिवस रस्त्यावर जातो. "कोलाऱ्याला सायटिंग (वाघ दिसणं) जास्त आहे" असं कोणीतरी सांगणारच, ते दर पंधरा दिवसांनी बदलतं. आज जी वाघीण बछड्यांसकट एका तळ्यावर बसलीय ती तुम्ही जाईपर्यंत तिथेच असेल याची गॅरंटी कोणी देऊ शकत नाही.

सावधान, नावं सारखी आहेत: कोलारा कोअर वेगळं आणि कोलारा-चौरादेव बफर वेगळं. नवेगाव कोअर वेगळं, रामदेगी-नवेगाव बफर वेगळं. झरी आणि पांगडीच्या नावाचीही बफर गेटं आहेत. साईटवर लिस्टमध्ये घाईने क्लिक केलं की कोअर समजून बफरचे पैसे भरले जातात. आणि मॅपवर नुसतं "नवेगाव" टाकलंत तर तो तुम्हाला गोंदिया जिल्ह्यातल्या नवेगाव बांधलाही नेऊ शकतो, ते वेगळंच अभयारण्य.

बफरला कमी लेखू नका हेही सांगून ठेवतो. वाघाला कोअर-बफरची रेघ कळत नाही. पण सगळ्याच सफाऱ्या बफरच्या घेतल्या तर ताडोबा तलाव, तिथल्या मगरी, आतलं जुनं दाट सागवान-बांबूचं जंगल हे राहून जातं. दोन कोअर आणि एक बफर हे गणित बरं.

३. परमिट बुक करा, आणि नावं नीट टाका

बुकिंग फक्त वनविभागाच्या अधिकृत साईटवरून. पत्त्याच्या शेवटी "जीओव्ही डॉट इन" आहे का ते आधी बघा. सर्च केल्यावर वर जाहिरातीत येणाऱ्या ताडोबा नावाच्या बऱ्याचशा साईट्स खासगी एजंटच्या असतात, काही रीतसर काम करतात, काही नुसतं कमिशन लावतात आणि काही पैसे घेऊन गायब होतात. एजंटकडूनच करायचं असेल तर पूर्ण पैसे देण्याआधी परमिटची कॉपी मागा, ज्यावर तारीख, वेळ, गेट आणि तुमची नावं छापलेली असतील. व्हॉट्सॲपवर आलेलं "कन्फर्म आहे सर" हे परमिट नव्हे.

एका जिप्सीत सहा पर्यटक, शिवाय ड्रायव्हर आणि गाईड. चौघांचं कुटुंब असेल तर पूर्ण जिप्सी घ्या, परवडत नसेल तर ओळखीच्या दोघांना जोडून घ्या. सात मोठी माणसं असाल तर दोन जिप्सी लागणारच, आणि "लहान आहे, मांडीवर बसेल" हे गृहीत धरू नका, लहान मुलांचा नियम आधी विचारून घ्या.

आता नावांचं. बुकिंग करताना प्रत्येकाचं नाव, वय आणि ओळखपत्राचा नंबर मागतात. इथे लोक बंड्या, पिंकी असली हाक मारायची नावं टाकतात किंवा लग्नानंतरचं आडनाव टाकतात आणि आधारवर माहेरचं असतं. पहाटे गेटवर काय होतं सांगतो: खिडकीशी दहा-बारा ड्रायव्हर कागद घेऊन उभे, आत टेबलावर छापील यादी, माणूस पेनाने एकेका नावावर टिक करतो आणि समोरच्या कार्डाशी ताडून बघतो. नाव जुळलं नाही की तुमचा कागद बाजूला, मागच्याचा पुढे. बाकीच्या जिप्सी धूळ उडवत आत जातात आणि तुम्ही बाहेर वाद घालत उभे. पहिली वीस मिनिटं गेली म्हणजे सगळ्यात चांगला वेळ गेला.

चेक: परमिट आल्यावर या पाच गोष्टी मोठ्याने वाचा, तारीख, सकाळ की दुपार, गेटचं पूर्ण नाव, कोअर की बफर, सगळी नावं. आणि भरलेल्या पैशांत फक्त प्रवेश आहे की जिप्सी आणि गाईडची फीही, ते बघा. नसेल तर गेटवर द्यायची रक्कम रोख काढून ठेवा, गेटवर नेटवर्कचा भरवसा नाही. मोठ्या लेन्सच्या कॅमेऱ्याची फी वेगळी असते.

परमिट नाहीच मिळालं तर लगेच एजंटला तिप्पट देऊ नका. काही जागा तारखेच्या जवळ तत्काळमध्ये निघतात, त्यावर लक्ष ठेवा, पण अख्खी ट्रिप त्या आशेवर उभी करू नका.

४. आता मुक्काम, आणि मग ट्रेन

परमिट हातात आल्यावरच रूम. मोहर्लीत एमटीडीसीचं (राज्य पर्यटन महामंडळाचं) रिसॉर्ट आहे, बाकी होमस्टेपासून महागड्या लॉजपर्यंत सगळं आहे. एकच प्रश्न विचारायचा: "माझ्या गेटपासून गाडीने किती मिनिटं?" "ताडोबाच्या अगदी जवळ" असं उत्तर आलं तर परत विचारा, कारण कोणत्या गेटच्या जवळ हे ते सांगत नाहीत. पंधरा-वीस मिनिटांच्या आत असावं. पहाटे निघायच्या आधी चहा मिळेल का, नाश्ता पॅक करून देतील का, आणि जिप्सी रूमवर न्यायला येते की आपण गेटवर जायचं, हेही आत्ताच.

चंद्रपूर शहरात राहून रोज मोहर्लीला ये-जा करता येते का? येते, स्वस्तही पडतं. पण पहाटे साडेचारला निघावं लागतं, रस्त्यावर अंधारात जनावरं आडवी येतात आणि संध्याकाळी थकून परत तेच. मी तरी सुचवणार नाही. जंगलाच्या रात्री जंगलाजवळ काढा.

ट्रेनचं: मुंबईहून विदर्भ एक्स्प्रेस किंवा दुरांतोने रात्री निघून सकाळी नागपूर, तिथून गाडीने मोहर्ली साधारण १४० किलोमीटर, जेवणाचा थांबा धरून साडेतीन तास. विमानाने आलात तरी नागपूरच. नागपूरहून चंद्रपूरपर्यंत ट्रेनही आहेत, दिल्ली-चेन्नई मेन लाईन आहे ही, त्यामुळे गाड्यांची कमी नाही. काही मोठ्या गाड्या चंद्रपूरला न थांबता पुढे बल्लारशाहला थांबतात, ते साधारण १५ किलोमीटरवर, चालतं.

सावधान: चांदा फोर्ट नावाचं वेगळं स्टेशन आहे, गोंदिया लाईनवरचं. तेही चंद्रपुरातच, पण मेन स्टेशन नाही. तिकडे उतरलात आणि ड्रायव्हर चंद्रपूर स्टेशनवर उभा असेल तर नुसती फोनाफोनी होते.

पोचायच्या दिवशी दुपारची कोअर सफारी बुक करू नका. ट्रेन दोन तास लेट झाली की ती गेली, पैसे परत नाहीत. त्या दुपारी घ्यायचीच तर बफरची घ्या, आगरझरी किंवा जुनोना, गेली तर कमी हळहळ. किंवा सरळ झोप काढा, दुसऱ्या दिवशी चारला उठायचंय.

५. आदल्या रात्रीची तयारी

इथे थोडंच लिहितो. मूळ ओळखपत्र, झेरॉक्स नाही, आणि मोबाईलमधलं तर अजिबात नाही, कारण कोअरमध्ये मोबाईल न्यायला बंदी आहे, तो गेटवर किंवा रूमवर राहतो. म्हणजे फोटो काढायचे तर कॅमेरा हवा. नसेल तर दुर्बीण घ्या, खरं तर दुर्बीणच घ्या, फोटो नेटवर लाखो आहेत. परमिटची प्रिंट कागदावर, दोन कॉप्या.

कपडे खाकी, मातकट, हिरवट. लालभडक, पांढरेशुभ्र, चमकी नको. अत्तर-परफ्युम नको. थंडीत कानटोपी, हातमोजे आणि एक जाड चादर, रिसॉर्टवाले देतात ती मागून घ्या. उन्हाळ्यात सुती स्कार्फ नाका-तोंडावर, कारण पुढच्या जिप्सीची लाल माती पूर्ण तोंडावर येते, केसांत, दातांत, कॅमेऱ्याच्या बटणांत सगळीकडे. लेन्स आत बदलू नका. पाणी स्टीलच्या बाटलीत, प्लास्टिक आत नको.

चेक: रात्री सगळे झोपायच्या आधी प्रत्येकाचं कार्ड एका पाकिटात, ते पाकीट एकाच माणसाकडे.

६. सफारीत: गाईडचं ऐका, बाकी काही नाही

गेट उघडायच्या अर्धा तास आधी पोचा. वेळा ऋतूप्रमाणे बदलतात, परमिटवरची बघा, मागच्या वर्षी कोण गेलं होतं त्याची नको. गाईड गेटवर नंबराने लागतो, बहुतेक आजूबाजूच्या गावातलाच. सुरुवातीलाच त्याला दोन वाक्यात सांगा की तुम्हाला काय आवडेल. "फक्त वाघ दाखवा" म्हणालात तर तो बिचारा पाणवठ्या-पाणवठ्यावर गाडी पळवत राहील. "आम्हाला घाई नाही, पक्षी-अस्वल-रानकुत्रे काहीही चालेल" म्हणालात की त्याचा चेहरा बदलतो, गाडी हळू होते, आणि गंमत म्हणजे हळू गाडीलाच जास्त दिसतं.

कारण शोध डोळ्यांपेक्षा कानांनी जास्त चालतो. गाईड इंजिन बंद करायला लावतो आणि हात वर करतो, तेव्हा गप्प बसा, चिप्सचं पाकीटही उघडू नका. चितळाचा कॉल, म्हणजे धोक्याची हाक, मग झाडावरच्या वानराचा खाकरल्यासारखा आवाज, आणि सांबराने साद दिली तर गाईड सरळ उभा राहतो, कारण चितळ कशालाही घाबरतं, सांबर सहसा उगाच ओरडत नाही. मग तो रस्त्यावरचे पगमार्क (पंजांचे ठसे) बघतो, टायरच्या खुणेच्या वर आहेत की खाली. वर असतील तर शेवटची गाडी गेल्यानंतर वाघ इथून गेलाय. हे बघणं मला वाघाइतकंच भारी वाटतं.

नेहमीच्या चुका:
- वाघ दिसल्यावर उभं राहून ओरडणं, "अरे तिकडे तिकडे!" तिकडे म्हणजे कुठे हे कोणालाच कळत नाही आणि वाघ आत जातो. कुजबुजत सांगा, "उजवीकडे, दोन नंबरच्या झाडामागे".
- ड्रायव्हरला जास्त पैसे देतो म्हणून गाडी जवळ घ्यायला, रस्ता सोडायला लावणं. कारवाई ड्रायव्हर-गाईडवर होते, काम बंद होतं त्यांचं. तुम्ही घरी जाता, ते तिथेच राहतात.
- वाघ दिसला की लगेच "चला पुढे". पाच मिनिटं थांबा, खरी मजा त्यानंतर सुरू होते.
- गाडीतून उतरणं. ठरलेल्या थांब्याशिवाय पाय खाली नाही. त्यामुळे निघण्याआधी बाथरूमला जाऊन या आणि चहा अर्धाच प्या, आजींना तर नक्की सांगा.

एकाच सफारीवर येऊ नका. एकीत काही नाही दिसलं तर ट्रिप फुकट गेल्यासारखं वाटतं. तीन घेतल्या तर दडपण राहत नाही. आणि एका दिवशी दोनच्या वर नाहीच, पाठीचा भुगा होतो.

७. मंगळवार सकाळ: चंद्रपूर शहर

मोहर्लीहून सहा-साडेसहाला निघा. सामान गाडीतच, चेकआउट करूनच निघायचं. बाहेर जंगल बंद म्हणून लोक मंगळवारी नऊपर्यंत लोळतात, मग दहाला शहरात पोचतात आणि तोवर ट्रॅफिक आणि ऊन दोन्ही सुरू झालेलं असतं.

चंद्रपूर ही गोंड राजांची राजधानी, जुन्या शहराभोवती दगडी परकोट आणि चार दिशांना चार दरवाजे: उत्तरेला जटपुरा, पूर्वेला अंचलेश्वर, दक्षिणेला पठाणपुरा, पश्चिमेला बिनबा. शिवाय खिडक्या म्हणजे छोटे दरवाजे. सुरुवात जटपुरा गेटपासून करा, कारण तो शहराचा सगळ्यात गजबजलेला भाग, गाड्या त्याच कमानीतून जातात, सात-साडेसातला निवांत बघता येतो. गाडी अलीकडेच लावा आणि चालत जा. कमानीच्या बाजूला वर बघा, हत्तीला दाबून धरलेला सिंहासारखा प्राणी कोरलाय, गोंड राजचिन्ह आहे ते, रोज खालून जाणाऱ्यांपैकी कितीजण वर बघतात देव जाणे. शेजारी टपरीवर तर्री-पोहे मिळतात, नाश्ता तिथेच.

तिथून बिनबाला जाऊन येता येतं, पण वेळ कमी असेल तर बिनबा सोडा आणि सरळ अंचलेश्वरकडे जा, कारण खरा ठेवा तिकडे आहे. दरवाजाजवळ अंचलेश्वराचं मंदिर आणि त्याला लागून गोंड राजांच्या समाध्या. राणी हिराईने राजा बीरशाहाची समाधी बांधून घेतली, ती नीट फिरून बघा, घाई करू नका. गेटबाहेर जवळच महाकाली मंदिर. मंगळवार देवीचा वार, गर्दी असणारच, म्हणून दर्शन आठच्या आत उरका किंवा बाहेरूनच नमस्कार करा आणि वेळ समाध्यांना द्या.

मग गाडीने बाबूपेठ-लालपेठकडे, उघड्यावरच्या अवाढव्य दगडी मूर्ती बघायला. अपूर्ण देवालय म्हणतात. एकेका अखंड दगडात कोरलेल्या मूर्ती, देऊळ बांधायचं राहून गेलं आणि मूर्ती तशाच राहिल्या. दहा तोंडांची मूर्ती लोक रावण समजतात, ती दुर्गा आहे. इथे सावली फार नाही, दहाच्या आत पोचायला हवं. रस्ता विचारताना "रावणाच्या मूर्ती कुठे" असं विचारलं की लगेच सांगतात, दुर्गा विचारलं तर भलत्याच देवळात पाठवतील.

सावधान: परकोटावर सगळीकडे चढू नका, काही भाग ढासळलेला, झाडी वाढलेली, खाली घरं आहेत लोकांची. आणि शहराभोवती कोळसा खाणी, वीज केंद्र असल्यामुळे रस्त्यावर धूळ आणि ट्रक भरपूर, दम्याचा त्रास असलेल्यांनी मास्क ठेवा.

८. परतीचा रस्ता

साडेदहा-अकराला चंद्रपूर सोडलंत तर नागपूरच्या वाटेवर भद्रावती लागतं, चंद्रपूरहून अर्ध्या-पाऊण तासावर. विजासनची बौद्ध लेणी, मोठं जैन मंदिर आणि भद्रनागाचं देऊळ. तिन्ही नको, लेणी आणि एक देऊळ पुरे. हे जातानाच करू म्हणणारे जातानाच जेवणाला उशीर करून सफारी घालवतात, म्हणून हे परतीलाच.

बल्लारपूरचा किल्ला मात्र उलट्या दिशेला, वर्धा नदीकाठी. तो घ्यायचा असेल तर भद्रावती सोडा. दोन्ही कोंबायला गेलात की संध्याकाळची ट्रेन धावत पकडावी लागते. नागपूरहून रात्रीची गाडी असेल तर चंद्रपूर भागातून उशिरात उशिरा दोन वाजता निघा, रस्त्यात वरोऱ्याच्या अलीकडे-पलीकडे कोळशाच्या ट्रकची रांग लागली की तास कसा जातो कळत नाही. वेळ उरलाच तर नागपुरात सावजी जेवा, पण पुढे रात्रभर ट्रेनचा प्रवास आहे, तिखट कमी सांगा.